सोवळ्यातलं टेबल आणि एक बंद पुडी

आमच्या गाळ्यात दोन टेबलं आहेत. खिडकीजवळच्या टेबलावरच्या लॅपटॉपांना चहाच्या कपाचा नुसता वास लागलेला चालत नाही. दाराजवळच्या टेबलावरच्यांच्या अंगावर मांजर झोपलं तरी कोणी हूं करत नाही. हे नियम माझे नाहीत, लेलेकाकांचे आहेत. पण खिडकीजवळच्या टेबलाला नाव दिलं लेलेकाकूंनी.

एकदा काकू चहा घेऊन खाली आल्या आणि त्यांनी ट्रे त्या टेबलावर टेकवला. काका ओरडले, "अगं, तिथे नको! ती तयार झालेली आहेत!"

काकूंनी ट्रे उचलला, टेबलाकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "असं होय. मग सोवळ्यातलं टेबल म्हणा की सरळ."

मला हसू फुटलं. माझ्या हसण्याची खोड आधीच सांगून ठेवते. मला भीती वाटली की हसू येतं आणि हसू आलं की ते थांबत नाही. मालकासमोर हसले म्हणून आता काम जाणार, अशी भीती वाटली आणि मी आणखी हसले. काका मात्र शांतपणे म्हणाले, "अनसूयाबाई, तुम्ही पाणी प्या." कामावरून काढलं नाही. अजूनही काढलेलं नाही. पण रोज सकाळी गाळ्याचं शटर वर करताना मला एकदा वाटतंच, की आज काढतील.

तर आमचा गाळा. ठाकुर्लीला, लेलेकाकांच्या इमारतीच्या तळमजल्यावर. ठाण्यातली ऑफिसं जुने लॅपटॉप भंगारात काढतात. ते आम्ही आणतो, पुसतो, मेलेले भाग बदलतो, आत मुक्त सॉफ्टवेअर घालतो आणि ज्यांना नवा घेणं जमत नाही त्यांना देतो. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे वाक्य काका इतक्या वेळा म्हणतात की समोरच्या भाजीवाल्यालाही ते पाठ झालंय. एक बाई कोथिंबिरीची काडी फुकट मागत होती, तर तो तिला म्हणाला, "ताई, मुक्त म्हणजे फुकट नव्हे." मुक्त म्हणजे उघडं. आत काय लिहिलंय ते कोणालाही वाचता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं.

मी देगलूरकडची. शाळा आठवीत सुटली, म्हणजे मी सोडली नाही, ती सुटली. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि घरात आजारपण होतं, एवढंच. लग्न होऊन ठाकुर्लीला आले. मिस्टर डोंबिवलीत टेम्पो चालवतात. लेल्यांकडे आले ती झाडू मारायला. मग कीबोर्ड ब्रशने साफ करायला लागले, मग स्क्रू काढायला, आणि एक दिवस काका म्हणाले, "आता आत काय घालायचं तेही शिका." मी म्हटलं, काका, माझ्याकडे सर्टिफिकेट नाही. ते म्हणाले, "हे सगळं उघडं आहे. उघड्या दाराला सर्टिफिकेट लागत नाही."

त्या वाक्यावर मी आजवर जगते आहे. म्हणून पुढे जे सांगणार आहे त्यात काकांची गंमत आली तरी वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. तो माणूस हट्टी नसता तर मी आज झाडूच मारत असते.

आता पुडी. ही समजली की आमचा निम्मा धंदा समजला.

आमच्याकडे लग्नात आचारी यायचा. सगळा स्वयंपाक मांडवात, उघड्यावर. कांदा बायका चिरायच्या, लसूण पोरं सोलायची, रस्सा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर रटरटायचा. पण शेवटी आचारी कमरेची एक कागदाची पुडी काढायचा, पाठ फिरवायचा आणि पुडी पातेल्यात झटकायचा. तिच्यात काय होतं ते कोणाला माहीत नाही. पण ती नसली की रस्सा नुसता लाल पाणी.

लॅपटॉपचंही तसंच. वायफायचा भाग, आवाजाचा भाग, प्रत्येकाला आपला एकेक छोटा मेंदू असतो. लॅपटॉप सुरू केला की तो मेंदू कोरा असतो. त्याला कसं वागायचं ते सांगणारं एक गाठोडं वरून द्यावं लागतं. त्याला फर्मवेअर म्हणतात. बाकी सगळा स्वयंपाक आम्ही मांडवात करतो, पण हे गाठोडं भाग बनवणारी कंपनी बांधून देते. वाचता येत नाही, बदलता येत नाही. मी हे आचाऱ्याचं सांगितल्यापासून आमच्याकडे फर्मवेअरला पुडीच म्हणतात. काकांचा नियम असा, की बंद पुडी टाकायची नाही. कधीच नाही. पुडीशिवाय चालतं ते खिडकीजवळ, पुडी मागतं ते दाराजवळ. दाराजवळच्यांचा हट्टी भाग काढायचा आणि पुडी न मागणारा जुना भाग शोधून बसवायचा. असे जुने भाग काका कल्याणच्या भंगार बाजारातून वेचून आणतात आणि सापडला की तिथल्या तिथे दुकानदाराला पेढा देतात. दुकानदाराला वाटतं हे आजोबा झाले.

कधी कधी असा भाग मिळतच नाही. कल्याणच्या एका निवृत्त मास्तरांच्या लॅपटॉपला वायफाय काही जुळेना. काकांनी त्यांना वायफायऐवजी वायर दिली. हॉलपासून बेडरूमपर्यंत पुरेल एवढी लांब. काही दिवसांनी मी खबर घ्यायला गेले तर मास्तरीणबाईंनी वायरीवर रुमाल आणि बनियनी वाळत घातलेल्या. मास्तर म्हणाले, "लेल्यांना सांगा, इंटरनेट उत्तम आहे. शिवाय हिची दोरीची तक्रारही मिटली." मी काकांना तसंच सांगितलं. काका इतके खूश झाले की मला पुढचं सांगवेना. पुढचं म्हणजे, मास्तर त्या वायरीत अडकून एकदा सोफ्यावर पडले होते.

सोफ्यावर पडले म्हणून हसण्यावारी गेलं. म्हात्र्यांचं तसं नव्हतं.

जनार्दन म्हात्रे बाळकुमचे. मूळचे तिथलेच, आगरी. जन्मापासून दिसत नाही. कोलशेतच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. कारखाना गेला, तिथे टॉवर आले. काही वर्षं इकडेतिकडे काम केलं, मग तेही सुटलं. आमच्याकडे आले तेव्हा बरेच महिने घरी बसून होते. पांढरी काठी, इस्त्रीचा शर्ट आणि आवाज असा की रेडिओवाल्यांनी हेवा करावा.

"कोन हाय?" दारातूनच म्हणाले. "दोन मान्सं हायत. एक म्हातारा, एक बाई हसतंय. का हसतंय, बाई?"

मी घाबरले होते म्हणून हसत होते. खूप लहानपणी आमच्या गल्लीत एक आंधळे गुरुजी होते, त्यांची मला भीती वाटायची. पण हे कसं सांगणार? मी म्हटलं, "दादा, या, बसा, माझी सवय आहे."

"बरी सवय हाय," ते म्हणाले. "माझ्या बायकोला लावा."

त्यांचं काम असं होतं. एका रुग्णालयाची फोनवरची नोंदणी घरबसल्या करायची. पेशंटचा फोन घ्यायचा आणि कॉम्प्युटरवर डॉक्टरची वेळ द्यायची. आवाज ऐकून त्यांना जवळजवळ निवडलंच होतं. एक चाचणी बाकी होती. घरी बसून, खऱ्यासारखा फोन घेऊन दाखवायचा. अट अशी की मशीन फार जुनं चालणार नाही आणि हेडफोन रुग्णालय पाठवेल तोच लावायचा.

"काका, मना काम पायजे," म्हात्रे म्हणाले. "पैशाचा नाय बोलत, ता बायको बगते. घरात बसून मना माझ्याच आवाजाचा कंटाळा आला. माझा आवाज कोनीतरी वापराया पायजे."

दिसत नाही अशी माणसं कॉम्प्युटर कशी वापरतात ते मला तोवर माहीत नव्हतं. पडद्यावर जे असतं ते कॉम्प्युटर त्यांना वाचून दाखवतो. तसं वाचणारं सॉफ्टवेअरही मुक्त असतं, मराठीही बोलतं. आवाज मात्र असा, की एखाद्या डब्यात बसलेला भटजी घाईघाईने पूजा उरकतोय.

काकांनी एक बऱ्यापैकी नवा लॅपटॉप निवडला. वायफायची पुडी टाळायला बाजूच्या भोकात एक जुनं, सज्जन डोंगल लावलं. वाचणारं सॉफ्टवेअर मी घातलं. पडद्यावर सगळं हिरवं, सगळं सुरू. लॅपटॉप खिडकीजवळच्या टेबलावर गेला. झाकणावर काकांनी आमचं स्टिकर लावलं: 'या संगणकात काहीही लपवलेलं नाही.'

म्हात्रे न्यायला आले. काकूंनी शिरा केलेला. काकांनी छोटंसं भाषण केलं आणि लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवून सुरू केला. पडदा उजळला. आम्ही तिघं कौतुकाने बघत राहिलो.

म्हात्रेही मान तिरकी करून बसून राहिले. शिऱ्यावरचं तूप थिजायला लागलं.

"सुरू केलाव ना?" त्यांनी विचारलं.

"केव्हाच!" काका म्हणाले. "उत्तम चालतोय!"

"काय चालतंय?"

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. आवाजच नव्हता. आणि आम्हाला ते कळायचं कारणच नव्हतं. काकू दुपारी वरच्या मजल्यावर झोपतात. आठ-दहा लॅपटॉप एकदम टुंग टुंग करायला लागले की त्यांची झोप मोडते. म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवसापासून रीत होती, की मशीन आलं की आधी त्याचा आवाज बंद करायचा आणि बाकी सगळं डोळ्यांनी तपासायचं. अशा रीतीने कितीतरी मशीनं आम्ही मुकीच पास केली असतील. नव्या लॅपटॉपांचा आवाजाचा भाग पुडी मागतो, हे काकांना वाचून माहीत होतं, पण या लॅपटॉपचा मागतो हे ऐकायला कान कुठे उघडे होते?

म्हात्र्यांनी झाकणावरून हात फिरवला. "हे काय चिकटवलंय?"

मी वाचून दाखवलं. या संगणकात काहीही लपवलेलं नाही.

"अरे वा," म्हात्रे म्हणाले. "मना तर सगळाच लपवलाय."

आणि तेच मोठ्याने हसले. मग मी सुटले. काकू पदर तोंडाला लावून वर निघून गेल्या. काका तेवढे लालबुंद.

चाचणीला आठवडासुद्धा उरला नव्हता. काका म्हणाले, पुडी नाही, दुसरा मार्ग काढू. मार्ग होता. बाहेरून लावायचा एक छोटा आवाजाचा तुकडा मिळतो, तो पुडी मागत नाही. पण लॅपटॉपला भोकं दोनच. एकात वायफायचं डोंगल, दुसऱ्यात रुग्णालयाचा हेडफोन. मी म्हटलं, हेडफोनमध्येच लॅपटॉपचं बोलणं सोडू. करून बघितलं. मी बाहेर उभी राहून मोबाइलवरून पेशंट झाले.

"डॉक्टर कधी भेटतील?" मी म्हटलं.

"एक मिनिट हां," म्हात्रे म्हणाले, मग थांबले, मग ओरडले, "अरे, दोघं एकदम बोलू नका! एका कानात पेशंट, त्याच कानात ह्यो भटजी! भटजी मना मंगळवार सांगतंय का पेशंटला मंगळ हाय?"

दोन वेगळे आवाज दोन कानांत हवे होते. पेशंट उजव्या कानात, भटजी डाव्या. म्हणून काकांनी एका भोकाची चार भोकं करणारं जोडकाम आणलं. त्याला डोंगल, हेडफोन, आवाजाचा तुकडा, तुकड्याला इअरफोन, असं सगळं लोंबायला लागलं. पोळ्याला बैल सजवतात तसा लॅपटॉप सजला. फक्त शिंगांना बेगड लावायचं राहिलं.

"छान झालं!" काका म्हणाले.

डोळस माणसाला लोंबणारं दिसतं, तो हात सावरून नेतो. म्हात्र्यांचा हात चाचपत जाणार. पाण्याचा पेला शोधताना हात लागला, ते सगळं लोंबतं झुंबर निखळलं. पेशंट गेला, भटजी गेला, इंटरनेटही गेलं.

"बाई," म्हात्रे हळू म्हणाले, "लाइट गेली काय?"

ते मात्र मला हसून म्हटल्यासारखं वाटलं नाही. आपल्याला निदान दिसतं की लॅपटॉप सुरू आहे. त्यांना आवाज गेला की सगळंच गेलं. फोनवर कोणीतरी आजारी माणूस बोलत असताना असं झालं तर?

मी धीर करून म्हटलं, "काका, आवाजाची तेवढी एक पुडी टाकू या का?"

मी असं म्हटलं आणि आधी दाराकडे बघितलं. शटर किती लांब आहे ते. काका चिडले नाहीत. चिडले असते तर बरं होतं. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "अनसूयाबाई, मला कळतं. पण आज आवाजासाठी एक, उद्या वायफायसाठी दुसरी, परवा कॅमेऱ्यासाठी तिसरी. प्रत्येक वेळी समोरचा माणूस गरजू असतो. कंपनीला हेच हवं असतं. ती पुडी बंद का ठेवते? कारण कोणी नाही म्हणत नाही. उद्या तिने ठरवलं की या भागाला नवी पुडी देणार नाही, तर चांगलं मशीन कचऱ्यात. तुम्हीच उचलून आणता ना असली मशीनं? कोणीतरी एकाने तरी नाही म्हणत राहिलं पाहिजे."

हे खरं होतं. मी स्वतः असली चांगली मशीनं पोत्यांतून उचलून आणलेली आहेत.

म्हात्रे म्हणाले, "काका, माझे डोळे पन बंद पुडीच हायत. डॉक्टरला पन उघडून समजला नाय. तरी मी घेऊन फिरतंय ना? काढून टाकू काय?"

काका म्हणाले, "तसं नाही हो, म्हात्रे. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

तेवढ्यात जिन्यावरून काकू बोलल्या. त्या केव्हाच्या तिथे उभ्या होत्या. "तुमच्या आईंचं सोवळं आठवतंय? त्यांनी वाळत घातलेलं लुगडं तुम्ही मुद्दाम जाऊन शिवून यायचात. म्हणायचात, जे माणसाला माणसापासून लांब ठेवतं ते मोडलंच पाहिजे. लग्नाआधी मला तेच आवडलं होतं तुमचं. आणि आता तुम्हीच एक टेबल मांडून बसलात."

"हे वेगळं आहे," काका म्हणाले. "ते सोवळं माणसाला लांब ठेवायचं. माझा नियम कंपनीला लांब ठेवतो."

"हो? मग कंपनी कुठे दिसत नाही ती?" काकू म्हणाल्या. "दारात तर म्हात्रे उभे आहेत."

म्हात्रे खरोखरच दारात उभे होते. घरी जायला काठी उघडून.

काकांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण मी खोटं स्टिकर लावणार नाही."

"स्टिकर काढू या," मी म्हटलं.

"नुसतं काढून भागत नाही. पुडी आहे हे लिहायला हवं. वापरणाऱ्याला कळायला हवं."

"मी लेखी घेऊन काय करू, काका?" म्हात्रे म्हणाले. "मना वाचून कोन दाखवील?"

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मशीनच सांगेल की!"

सगळे माझ्याकडे वळले, म्हात्रेसुद्धा. मी हसायला लागले, आणि हसत हसतच सांगितलं. मशीन सुरू झालं की पहिल्यांदा त्यानेच बोलायचं, माझ्यात एक बंद पुडी आहे म्हणून. ज्या आवाजासाठी पुडी टाकली त्याच आवाजाने कबूल करायचं. चोरून नाही, मोठ्याने.

काकांचा चेहरा हळूहळू उजळला, लॅपटॉप सुरू करताना पडदा उजळतो तसा. त्यांनी लगेच वाक्य तयार केलं. "सदर संगणकातील ध्वनियंत्रणेकरिता निर्मात्याने पुरविलेली, अवलोकनास अनुपलब्ध अशी एक प्रणाली नाइलाजास्तव समाविष्ट करण्यात आली असून..."

"काका," म्हात्रे म्हणाले, "हे बोलून होईपरत पेशंट बरा होऊन घरी जाईल."

भांडून भांडून आम्ही ते आटपशीर केलं. पुडी टाकायला मिनिटभरसुद्धा लागलं नाही. वाक्यावरच सगळा वेळ गेला. लॅपटॉप बंद करून सुरू केला आणि डब्यातला भटजी खणखणीत बोलला:

"नमस्कार. माझ्यातली एक पुडी बंद आहे. तिच्यात काय आहे ते मला माहीत नाही. बाकी सगळं उघडं आहे."

काकू म्हणाल्या, "एवढं तर लग्नाच्या वेळी कोणी कोणाला सांगत नाही."

चाचणीच्या दिवशी म्हात्र्यांनी आम्हाला बाळकुमला बोलावलं. काय झालंच तर हाताशी असावं म्हणून. चाचणी देणाऱ्याने खोलीत एकटंच असायचं, असा रुग्णालयाचा नियम होता. मी आणि काका शेजारच्या स्वयंपाकघरात, दार लोटून, म्हात्रेवहिनींनी दिलेल्या पाटांवर. वहिनी कामावर गेलेल्या. ओट्यावर सुकट भाजून ठेवलेली. काका नाकाला रुमाल लावून तत्त्वनिष्ठपणे बसलेले.

म्हात्र्यांच्या मोबाइलवर फोन आला. परीक्षा घेणाऱ्या एक मॅडम होत्या. आधी चार गोष्टी विचारल्या, म्हात्र्यांनी तुपासारख्या आवाजात सांगितल्या. आणि मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे, आता एकदा मशीन बंद करून सुरू करा. तुम्हाला एकट्याला जमतं का ते पाहायचंय."

आता, सुरू होताना भटजीचं बोलणं इअरफोनमध्ये जाऊन पडेल, याची काळजी आम्ही घेतलेली नव्हती. ते लॅपटॉपच्या स्वतःच्या भोंग्यातून, पूर्ण आवाजात आलं.

"नमस्कार. माझ्यातली एक पुडी बंद आहे."

"कोण बोललं?" मॅडमचा आवाज कडक झाला. म्हात्र्यांनी आमच्यासाठी फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"तिच्यात काय आहे ते मला माहीत नाही."

"म्हात्रे, खोलीत कोणी आहे का? नियम माहीत आहे ना? दुसरं कोणी असेल तर मला चाचणी रद्द करावी लागेल."

"बाकी सगळं उघडं आहे."

हसू असं वर आलं की मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. बाहेर म्हात्रे म्हणाले, "कोन नाय, मॅडम. ह्यो माझा मशीन हाय. त्याला खरा बोलायची सवय हाय."

मग मॅडमने विचारलं, "पुडी म्हणजे काय?"

आणि माझ्या शेजारचे लेलेकाका पाटावरून उठले. आयुष्यभर ज्यांना समजावून सांगितलं त्यांनी जांभया दिल्या, आणि आज एका रुग्णालयातली अधिकारी आपणहून विचारत होती, पुडी म्हणजे काय! त्यांनी तोंड उघडलं. "मॅड..." एवढंच बाहेर पडलं. मी उडी मारून त्यांच्या तोंडावर हात दाबला. ज्या माणसाने मला काम दिलं, कसब दिलं, ज्यांच्यासमोर मी कधी खुर्चीत पाठ टेकून बसले नाही, त्यांच्या तोंडावर हात. त्यांचे डोळे चष्म्याच्या वर आले. मी डोळ्यांनीच हात जोडत होते, कारण खरे हात रिकामे नव्हते.

बाहेर म्हात्रे सांगत होते, "मॅडम, आचारी रश्शात घालतो ना, तशी. मशीन बोलाया लागावा म्हनून एक पुडी घातलीय. तिच्यात काय हाय ता कंपनी सांगत नाय. ज्यांनी मशीन दिला ते बोलले, लपवायचा नाय."

मग फोनमध्ये खुसखुस झाली. मॅडम हसत होत्या. "म्हात्रे, आमच्याकडे इतकी मशीनं आहेत, एकानेही आजवर हे सांगितलेलं नाही. चला, मोबाइल सुरूच ठेवा, लॅपटॉपवर फोन जोडते. मी पेशंट आहे, माझी कंबर दुखते आहे."

"कधीपासून दुखते, ताई?" म्हात्र्यांनी विचारलं. आणि त्या विचारण्यात असं काही होतं, की मॅडम खरंच सांगायला लागल्या. मुलाला उचलताना लचकली म्हणून. उजव्या कानात त्या, डाव्या कानात भटजी, मध्ये म्हात्रे. कुठे अडखळले नाहीत. बुधवारची वेळ दिली. "येताना जुने कागद आना आणि रिक्षात मागे टेकून बसा," असंही सांगितलं. ते पडद्यावर लिहिलेलं नव्हतं.

फोन ठेवताना मॅडम म्हणाल्या, "सोमवारपासून या. म्हणजे, बसा."

मी काकांच्या तोंडावरचा हात काढला. ते धापा टाकत म्हणाले, "अनसूयाबाई, श्वास..." मी माफी मागायला वाकले, तर ते हसायला लागले. काकांना असं हसताना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं, आवाज न करता, पोट धरून. बाहेर म्हात्रे काठी जमिनीवर आपटून हसत होते. मी तर पाटावरच बसले, उठताच येईना.

सगळं शांत झाल्यावर काका बाहेर आले आणि लॅपटॉपसमोर बसले. "म्हात्रे, एकदा परत सुरू करता?"

भटजी परत बोलला. काकांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग झाकणावर हात ठेवून म्हणाले, "मी या कंपनीला लिहिलंय, पुडी उघडा म्हणून. पुन्हा लिहीन. कधीतरी उघडतील. नाहीतर कोणीतरी बाहेरचा शहाणा उघडी पुडी तयार करेल. तेव्हा हे वाक्य काढून टाकायला मी स्वतः येईन."

"तवा फोन करा, काका," म्हात्रे म्हणाले. "रुग्णालयाच्या नंबरावर करा. उचलनारा मीच असंन."

तो फोन अजून गेलेला नाही. काका सकाळी खाली आले की आधी जगात कुठे कोणी ती पुडी उघडली का ते बघतात. नाही म्हणून मान हलवतात आणि मग चहा मागतात. कंबर मात्र आता त्यांची दुखते. परवा मी म्हटलं, म्हात्र्यांच्या रुग्णालयात वेळ घेऊ या का? तर म्हणाले, "नको. मी फोन केला तर म्हात्र्यांना उगीच वाटेल, उघडली."